कार्डावरची दुसरी सही

झाशीला आलो तेव्हा मी पंचविशीत होतो. पुढची पस्तीस वर्षं मी इथल्या एका सरकारी कारखान्यात एकच काम केलं. ट्रान्सफॉर्मरसाठी येणारी तांब्याची तार, कागद, तेल, त्या तारेची गुंडाळलेली वेटोळी म्हणजे वाइंडिंग, शेवटी तयार ट्रान्सफॉर्मर, सगळं तपासायचं आणि घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं. परत पाठवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पाठीमागे मला सगळे 'रिजेक्ट साहब' म्हणायचे हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटायचं.

आमच्याकडे प्रत्येक मालाला सुतळीने एक कार्ड बांधत. हिरवं म्हणजे पास, पिवळं म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. लाल कार्डावर दोन सह्या लागत. आधी ज्याने माल आणला त्याने दोषाचं कारण स्वतःच्या अक्षरात लिहून सही करायची, मग खाली तपासणाऱ्याने. कारण त्याच्याच हातचं हवं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की साहेबांनी लादलं. ही कार्डं मी घरीही आणली. बायको इथलीच, पिढ्यान् पिढ्या झाशीत राहिलेल्या मराठी घरातली. तिच्या आईने पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीला मी एकदा पिवळं कार्ड बांधलं, 'होल्ड, मीठ कमी', तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मुलगा मात्र त्या कार्डांवरच वाढला. शाळेचं प्रगतिपुस्तक, पहिली सायकल, त्याने स्वतः बसवलेला पंखा, सगळ्याला कार्ड. बहुतेक पिवळंच. हिरवं त्याला एकदाच मिळालं, दहावीच्या भूमितीला, आणि ते त्याने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी तो चोवीस वर्षांचा होता. बीएस्सी झाला होता, बँकेच्या परीक्षा दोनदा देऊन झाल्या होत्या. एके दिवशी दुपारी जेवताना तो म्हणाला, "बाबा, समोरची खोली मला द्या. दुकान नाही, वर्कशॉप समझिए."

आमचं घर खंडेराव गेटजवळ आहे. समोरच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडतं. ती खोली मी माझ्या फायली आणि हत्यारांसाठी ठेवली होती.

"आणि तिथे तू काय करणार? खेळणार?"

"खेलने वालों की मशीनें बनाऊँगा. इथल्या पोरांना गेमिंग कम्प्युटर हवा असला की ग्वाल्हेर नाहीतर दिल्ली गाठावी लागते. मी इथेच बनवून देईन."

मी हसलो. हसायला नको होतं. पण तो उठून गेला नाही, भात कालवत तसाच बसून राहिला, म्हणून मीच म्हटलं, "एक मशीन बनवून दाखव. सगळे भाग तू निवडायचे, तूच जोडायचे. माझ्या कार्डावर पास झालं तर खोली तुझी."

त्याचा चेहरा असा उजळला की त्याची आई माझ्याकडे बघायला लागली. त्याला खोली मिळणार म्हणून तो खूष झाला असं मी तेव्हा समजलो. आज वाटतं, त्याला हिरव्या कार्डाची आशा वाटली होती.

पुढचा महिना घरात मदरबोर्ड या एका विषयाशिवाय दुसरं काही नव्हतं. बाकी सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी म्हणजे मदरबोर्ड, एवढंच मला माहीत होतं. प्रोसेसर त्याने दोन दिवसांत ठरवला, ग्राफिक्स कार्ड झाशीजवळच्या बरुआसागरच्या एका मित्राकडून वापरलेलं घ्यायचं ठरलं. पण मदरबोर्डवर तो अडून बसला. "बाकी सब बदल सकते हैं बाबा, हा एकदा बसला की बसला," असं त्याचं म्हणणं होतं.

त्याने तीन बोर्ड निवडले, एक स्वस्त, एक मधल्या किमतीचा, एक महाग, आणि त्यांची तुलना दोन फुलस्केप कागदांवर लिहून माझ्यासमोर ठेवली. अक्षर माझ्यासारखंच, उभं आणि दाबून काढलेलं. हिंदीत लिहिलं होतं, पण वर कोपऱ्यात मराठीत 'तपासणीसाठी सादर' असं होतं. मी लाल पेन घेऊन बसलो.

महाग बोर्ड त्याने का सोडला? जास्तीचे पैसे दिव्यांच्या रोषणाईला आणि कुणी न वापरणाऱ्या जोडण्यांना जातात. ठीक. स्वस्त का सोडला? त्यावर प्रोसेसरला वीज पुरवणारा जो भाग असतो तो उघडा असतो, त्याला उष्णता बाहेर टाकायला पत्रा नाही, तासभर खेळ चालला की तो तापतो आणि मशीन स्वतःच आपला वेग कमी करतं. "तापतो हे कुणी पाहिलं?" मी समासात लिहिलं. "मेमरीच्या जागा चार, वापरणार दोन. उरलेल्या दोन कशाला?" हेही लिहिलं. एकूण अकरा शेरे मारले. तो चिडेल असं वाटलं होतं. तो कागद घेऊन गेला आणि आठवड्याने परत आला. मित्राच्या घरी तसाच स्वस्त बोर्ड होता, त्याच्यावर दोन तास खेळ चालवून त्याने दर दहा मिनिटांनी तापमान लिहून आणलं होतं. चार जागांचं उत्तर होतं, 'गिऱ्हाईक गरीब असेल तर आज दोन भरेल, वर्षाने दोन वाढवेल. बोर्ड फेकावा लागणार नाही.' आमच्या कारखान्यात माल आणणाऱ्यांनी कधी इतकी नीट उत्तरं दिली नव्हती.

मग त्याने मोबाइलवर त्या बोर्डाचा फोटो मोठा करून दाखवला. प्रोसेसरच्या जागेशेजारी एका ओळीत करड्या रंगाच्या चौकोनी डब्या होत्या.

"ये देखिए. बारा व्होल्ट येतात, इथून उतरून प्रोसेसरला एक-सव्वा व्होल्ट जातात. आणि या डब्यांच्या आत काय आहे माहितीये? वाइंडिंग. तुमचंच काम आहे बाबा, बस छोटा है."

मी फोटो बघत राहिलो. पस्तीस वर्षं मी खोलीएवढी वाइंडिंग तपासली, आणि मी काय करतो हे याला कधी कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी "हं" म्हणालो. त्या संध्याकाळी दतिया गेटला भाजी घेताना मी गुणगुणत होतो. भाजीवाल्याने विचारलं, "आज साहब बड़े खुश हैं?" मी म्हटलं, "कुछ नहीं, लड़के ने एक काम ठीक किया है." भाजीवाल्याला सांगितलं. मुलाला नाही सांगितलं. त्याच्या कागदांना पिवळं कार्ड लावलं, 'होल्ड. प्रत्यक्ष वस्तू बघून निर्णय.'

बोर्ड आला तो शनिवारी. त्याने हात धुऊन, पुसून, खोका उघडला आणि बोर्ड कडांना धरून मला दाखवला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "किनारे से पकड़िए बाबा, हं?" मला राग आला. मला वस्तू कशी धरायची ते शिकवतो! पण बोललो नाही. त्याने तो पुन्हा चकचकीत पिशवीत घालून खोक्यात ठेवला. "उद्या बरुआसागरहून ग्राफिक्स कार्ड आणतो, मग सगळं जोडू. पहिला स्टार्ट तुमच्यासमोर. तोवर मी पण चालू करून बघणार नाही."

रविवारी सकाळी तो बसने गेला. बायको भजनाला गेली. मी, तो खोका आणि माझी हत्यारं, एवढेच घरात उरलो.

माझ्याकडे एक मेगर आहे. हाताने दांडा फिरवायचा जुना मेगर, कारखान्याच्या भंगाराच्या लिलावात मी स्वतः घेतलेला. दांडा फिरवला की तो पाचशे व्होल्ट सोडतो आणि तारेवरचं वेष्टण वीज अडवतं की नाही ते काट्यावर दाखवतो. ट्रान्सफॉर्मर कितीही मोठा असो, आधी मेगर लावायचा, मग पुढचं बोलायचं. पस्तीस वर्षांत मेगर न लावता मी कशालाही पास केलं नव्हतं. आणि मला या बोर्डाला पास करायचं होतं. हे मी शपथेवर सांगतो. त्या सकाळी हिरवं कार्ड काढून मी टेबलावर ठेवलं होतं.

स्क्रूच्या भोकाभोवती एक चकचकीत कडी असते, तिला मी मेगरचा दातेरी चिमटा लावला. दुसरं टोक मेमरीच्या जागेतल्या पातळ पट्ट्यांना टेकवलं आणि दांडा फिरवला. काटा शून्यापाशी पडून राहिला. दुसरीकडे टेकवलं. तिथे काटा थोडा वर चढला आणि एकदम खाली आला. काटा असा खाली येतो तेव्हा आत काहीतरी फुटलेलं असतं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण माझ्या मनात तेव्हा काय आलं? मनात आलं, बघा, सापडलाच दोष.

मग कार्डावर बोर्डाचा क्रमांक लिहायला म्हणून खोक्यातलं माहितीचं पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं की बोर्डाला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावा, अंगावरच्या विजेनेही यातले भाग जळू शकतात. अंगावरच्या विजेनेही. मी पाचशे व्होल्ट सोडले होते.

आणि मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या टेस्टिंगच्या भिंतीवर एक पाटी होती, 'इलेक्ट्रॉनिक कार्ड निकाले बिना मेगर न लगाएँ.' आधी नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग काढा, मगच मेगर, असं सांगणारी ती पाटी मीच लिहिली होती. एका नवीन इंजिनिअरने ती चूक केली तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत इतकं झापलं होतं की बिचारा रडकुंडीला आला होता. घरी ती पाटी माझ्या डोळ्यांपुढे आली नाही, कारण घरी मला अडवणारं कुणी नव्हतं आणि मुलाची वस्तू मला कारखान्याच्या वस्तूइतकी मोलाची वाटली नव्हती. दुसरं काही कारण मला सापडत नाही.

मी बोर्ड पुसला, पिशवीत घातला, खोक्यात ठेवला. तो आला की सांगायचं असं ठरवलं. वाक्यही जुळवलं होतं.

तो संध्याकाळी आला तो हसतच. आईने अलीकडे त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिने टेबलापुढे समई लावली, मशीनच्या डब्याला कुंकू लावलं. त्याने एकेक भाग बसवला. मी त्याला एकेक स्क्रू उचलून देत राहिलो. मला वाटत होतं, कदाचित वाचला असेल. एखाद्या वेळी वाचतंही. त्याने खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली आणि म्हणाला, "बाबा, बटन तुम्ही दाबा."

मी दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. काही नाही. त्याने सगळं काढून पुन्हा जोडलं, तीनदा. त्याच्या कपाळावरचा घाम मेमरीच्या पट्टीवर पडेल म्हणून तो बाहीने पुसत होता. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, घाबरलेला म्हातारा, आवाज चढवून म्हणालो, "मधल्या किमतीचं घेतलं की असंच होणार. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. निवडच चुकली तुझी."

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन दुकानात गेला. तासाभराने परत आला. "वापस नहीं लेंगे."

"का?"

"नहीं लेंगे, बस." त्याने खोका ठेवला आणि हात धुवायला गेला. मी पुढे विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि त्याने सांगितलं नाही म्हणून मला हायसं वाटलं.

मग तो स्वतःच माझ्या ड्रॉवरमधून लाल कार्ड घेऊन आला. माझ्यासमोर बसून त्याने लिहिलं, 'कारण: निवड चुकली', आणि सही केली. कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी पेन उघडलं. सांगायची तीच वेळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी सही केली.

दोन महिन्यांत त्याला नोएडाला नोकरी लागली. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची नोकरी. तो गेला त्या दिवशी स्टेशनवरून परत येताना बायको रिक्षात म्हणाली, "खोली द्यायची नव्हती तर सीधे नाही म्हणायचं होतंत." मला तिचा इतका राग आला की मी घर येईपर्यंत तोंड फिरवून बसलो. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला विचारत राहिलो की तिचं खरं होतं का. मला अजून उत्तर माहीत नाही. मला त्याला पास करायचं होतं हे खरं. पण दोष सापडला तेव्हा बरं वाटलं, हेही खरंच.

नोएडाला गेल्यापासून तो मला सगळं विचारायला लागला. पंखा कुठला घेऊ, चपला कुठल्या घेऊ, खोलीला पडदा हवा का. ज्या मुलाने तीन बोर्डांवर महिना घालवला, तो बादली घेताना दुकानातून फोन करायचा. "तुम्ही सांगाल तो घेतो बाबा." शेजारी म्हणायचे, केवढा आज्ञाधारक मुलगा आहे. मी मान डोलवायचो आणि आत येऊन बसायचो.

या दिवाळीला तो चार दिवसांसाठी आला. समोरची खोली आम्ही एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. दोघं मिळून खोली रिकामी करत होतो. फायलींच्या मागून तो खोका निघाला. लाल कार्ड सुतळीने बांधलेलंच होतं. तो खोका बाजूला ठेवून पुढची फाइल उचलायला लागला, तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"त्याला मी मेगर लावला होता," मी म्हटलं. "तू बरुआसागरला गेलास तेव्हा. बोर्ड चांगला होता. मी जाळला."

तो हातात फाइल धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मालूम है."

"कधीपासून?"

"दुकानात गेलो त्याच दिवसापासून. काउंटरवाल्याने भिंगातून दाखवलं. स्क्रूच्या भोकापाशी चिमट्याच्या दातांच्या खुणा होत्या. म्हणाला, इस पर किसी ने कुछ लगाया है, वापस नहीं होगा. तुमच्या मेगरच्या चिमट्याचा एक दात तुटलेला आहे ना बाबा. खुणांमध्ये तो दात नव्हता."

मी ट्रंकेवर बसलो. "मग कार्डावर तसं का लिहिलंस? तुझी चूक नसताना?"

"तुम्हीच म्हणाला होतात, निवड चुकली." तो फाइलीवरची धूळ झटकत होता. आवाज अगदी साधा होता. "मला वाटलं, हे लिहिलं की तरी तुम्ही मला थांबवाल. तुम्ही पेन उघडून बराच वेळ बसला होतात. मैं देख रहा था. मला वाटलं, आता सांगतील."

आतून बायकोने चहाला हाक मारली. कुणीच उठलं नाही.

मी त्याच्यासमोर कार्ड सोडवलं. त्याने लिहिलेलं कारण खोडलं आणि खाली लिहिलं, 'निवड योग्य. दोष तपासणाऱ्याचा.' सही केली. तो वाकून वाचत राहिला. मग त्याने ते कार्ड माझ्या हातातून घेतलं, पुन्हा खोक्याला बांधलं, सुतळीची गाठ नीट मारली आणि म्हणाला, "ठेवा तुमच्याकडे." खोका त्याने आत नेऊन माझ्या पलंगाखाली सरकवला. मग आम्ही उरलेल्या फायली बांधल्या. दुसऱ्या दिवशी बाईंचं शिलाई मशीन आलं.

तो गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात दुकानातून त्याचा फोन आला. मोबाइलचा चार्जर बिघडला होता, नवा घ्यायचा होता. त्याच्यासमोर तीन ठेवले होते, म्हणाला, एक स्वस्त, एक मधला, एक महाग.

"तूच ठरव," मी म्हटलं. "तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी मनापासून सांगतोय."

पलीकडे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. तो थोडं हसला. रागाने नाही, मला दुखवायला म्हणूनही नाही.

"नाही बाबा," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा."

शेवटी मी मधला सांगितला, आणि त्याने तो घेतला.